आमचं काही अडत नाही

माझ्या बाबांना भूक लागलीय का विचारलं, तर ते म्हणायचे, "तुमचं होऊ द्या." थंडी वाजतेय का विचारलं, तर, "भोपाळची कसली आलीय थंडी!" आणि तब्येत विचारली की छातीवर हात ठेवून, "ठणठणीत." हात नेमका तिथेच, कारण दुखत तिथेच असायचं. असल्या माणसाच्या पोटी जन्म घेऊन मी माझी ऐन उमेदीची वर्षं कशात घालवली, तर लोकांच्या दारात जाऊन त्यांना प्रश्न विचारण्यात. आता हसावं की रडावं ते तुम्हीच ठरवा.

भोपाळात सरकारी कारखान्याची कॉलनी म्हटली की सगळ्यांना ती मोठीच आठवते. आमची ती नव्हे. आमची लहानशी, होशंगाबाद रोडवर मिसरोदच्या अलीकडे. बाबा मशीन शॉपचे फोरमन म्हणून तिथून निवृत्त झाले. निवृत्तांना भाडं भरून क्वार्टर ठेवता यायचं, म्हणून आम्ही तिथेच राहिलो. आई गेलेली, मी लग्न केलं नाही, तेव्हा घरात आम्ही दोघंच. नोकरीत असतानाच बाबांना हृदयाचा त्रास सुरू झाला होता. त्याच्या गोळ्या कॉलनीच्या दवाखान्यातून मिळायच्या, फुकट आणि तहहयात. सकाळी फिरायला म्हणून निघायचे आणि गुपचूप दवाखान्याच्या रांगेत उभे राहायचे. हा दवाखाना ध्यानात ठेवा. पुढचं सगळं रामायण त्याच्यावरून झालं.

सरांची ओळख झाली ती गणपतीच्या मांडवात. सर मूळचे नागपूरचे. राज्याची राजधानी हलली तेव्हा त्यांचे वडील सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले आणि सर तुलसी नगरच्या सरकारी घरात वाढले. पुढे राज्याच्या सांख्यिकी खात्यात लागले. तिथे त्यांनी पाहिलं, की सर्वेक्षणाला पाठवलेली माणसं चहाच्या टपरीवर बसून मनाने फॉर्म भरतात आणि त्यावर योजना आखल्या जातात. सर भांडले. कुणी ऐकेना, तेव्हा पन्नाशीच्या तोंडावर नोकरी सोडून मोकळे झाले. घरच्यांनी कपाळाला हात लावला. मला त्यांनी मांडवात विचारलं, "एम.ए. इकॉनॉमिक्स ना तू? मग काय करतेस सध्या?" मी म्हटलं, "घरी बसते आणि चिडते." ते म्हणाले, "मग उद्यापासून माझ्या ऑफिसात बसून चिड."

ऑफिस म्हणजे गोविंदपुऱ्यात एका वेल्डिंगच्या वर्कशॉपवरच्या दोन खोल्या. खालून ठिणग्यांचा वास वर यायचा आणि घणाचे ठोके सुरू झाले की टेबलावरचा चहा कपात थरथरायचा. दारावर पाटी होती, आर्थिक संशोधन आणि सल्ला. सल्ला घ्यायला पहिले सहा महिने कुत्रंसुद्धा आलं नाही.

मग सरांनी त्यांची पद्धत काढली. ते म्हणायचे, घरातला पैसा कुठून येतो हे पुरुष सांगेल, पण जातो कुठे हे बाईच सांगेल, आणि बाई सांगेल ती बाईलाच. तेव्हा प्रश्न विचारायला शिकलेली पोरं नकोत, संसार केलेल्या बायका हव्यात. माझ्या कॉलनीत अशा बायकांना काय तोटा? मुलं शिकायला बाहेर, नवरा शिफ्टला आणि दुपार खायला उठलेली. पहिल्या आल्या शेजारच्या काकू. काकूंचे यजमान बाबांच्याच शॉपमध्ये, बाबांच्या हाताखाली फिटर होते. काकू बोलायला लागल्या की आकाशवाणी बंद ठेवावी लागे.

सरांचा नियम एकच होता, आधी बसायचं, मग विचारायचं. घरात गेल्या गेल्या कागद बाहेर काढायचा नाही. जिथे आपली दूरची का होईना ओळखपाळख निघेल तिथेच जायचं, चहा घ्यायचा, हाताला येईल ते काम करायचं, आणि मग प्रश्न. काकू बसल्या की मटार सोलायला घ्यायच्या आणि आपल्या त्या खास हिंदीत सुरू व्हायच्या, "अरे भाभी, हमारे यहाँ भी ऐसाच है, घरोघर मिट्टी के चूल्हे!" समोरची बाई हसायची, आणि मग जे कुठल्या सरकारी कागदावर कधी आलं नाही ते सांगून टाकायची. नवऱ्याची दारू, सासूचं आजारपण, गहाण पडलेल्या पाटल्या, सगळं.

आमचे अहवाल गाजायला लागले. एका बँकेने बोलावलं, मग दोन सरकारी खात्यांनी, मग दिल्लीच्या एका संस्थेने. कॉलनीतल्या आणखी काकू आल्या, मामी आल्या. डब्यांच्या पिशव्या सांभाळत त्यांची रांग जिना चढायची तेव्हा खालचा वर्कशॉपवाला, अस्सल भोपाळी, मला थांबवून विचारायचा, "को खां, ऊपर पापड़ का कारखाना खोला है क्या?" मी म्हणायची, "हाँ भाई, आँकड़ों के पापड़." कॉम्प्युटर आला, कूलर आला. सर शर्ट इन करायला लागले. मी पहिल्यांदा स्वतःच्या कमाईचा स्वेटर बाबांना आणला, तर म्हणाले, "कशाला उगाच? भोपाळची कसली आलीय थंडी!"

आणि मग आमच्याच कॉलनीचं काम आलं.

कारखाना तोट्यात चालला होता. प्रशासनाच्या साहेबांनी सरांना बोलावून सांगितलं, की कॉलनीवरचा खर्च कमी करायचाय. दवाखाना ठेवायचा की नाही आणि निवृत्तांच्या गोळ्या चालू ठेवायच्या की नाही, हे लोकांना विचारून ठरवू. लोकांकडे आता स्कूटर आहेत, मुलं मोठ्या पगारावर आहेत, खरंच किती जणांना गरज आहे ते तुम्ही शोधा. तुमच्या बायका तिथल्याच आहेत, त्यांच्याइतकं कॉलनीला कोण ओळखतं?

सर उड्या मारत परत आले. मीही खूश. गावभर लोकांची सुखदुःखं गोळा करत हिंडलो, आता आपल्या घरचीही सरकारदरबारी नीट मांडू, दवाखाना वाचवू, असं मला मनापासून वाटत होतं. घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही. "विचारू देत," एवढंच म्हणाले.

सरांनी नियमाप्रमाणे ज्या त्या गल्लीला त्या गल्लीतलीच बाई दिली. आमच्या गल्लीला काकू. मला ऑफिसात आकडे मांडायचं काम. कॉलनीत तेवढे दिवस नुसती हळदीकुंकवासारखी धामधूम होती. साड्या नेसून बायका या घरातून त्या घरात, चिवडा काय, खोबऱ्याच्या वड्या काय.

आकडे मांडून झाले आणि मी ते पुन्हा पहिल्यापासून मोजले. दवाखान्याची गरज जवळजवळ कुणालाच नव्हती. बहुतेक सगळे बाहेरच्या डॉक्टरकडे जात होते. गोळ्या बंद झाल्या तरी चालणार होतं.

"सर, हे कसं शक्य आहे? रोज सकाळी दवाखान्यासमोर रांग असते. मी बघते ना!"

सर त्या तक्त्यांवर बेहद्द खूश होते. इतकी एकसारखी उत्तरं त्यांना आयुष्यात मिळाली नव्हती. "डोळ्यांना दिसतं तेच खरं असतं, तर आपली गरजच काय होती?" ते म्हणाले. "आणि साहेबांना घाई आहे. मी त्यांना ढोबळ निष्कर्ष कळवूनही टाकलेत. पुढच्या आठवड्यात कॉलनीच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर मांडायचंय."

त्याच रविवारी काकू आमची वाटी परत द्यायला आल्या. रिकामी वाटी द्यायची नाही म्हणून त्यात अळूवड्या. मी फोडणी घालत होते. काकू ओट्याला टेकून म्हणाल्या, "काही म्हण हं, तुझे बाबा म्हणजे राजा माणूस. मी विचारलं, दवाखाना बंद झाला तर? तर म्हणाले, राहिला काय नि गेला काय, आमचं काही अडत नाही. मुलगी कमावती आहे, गोळ्या केव्हापासून बाजारातूनच आणतो. ऐकून बरं वाटलं बाई."

माझ्या फोडणीतली मोहरी करपली. काकू गेल्या तशी मी बाहेरच्या खोलीत गेले. बाबा वर्तमानपत्रात तोंड घालून बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"बाबा, तुम्ही काकूंना काय सांगितलंत?"

"काय सांगायचं असतं? विचारलं त्याचं उत्तर दिलं."

"धादांत खोटं उत्तर! काल कोण उभं होतं दवाखान्याच्या रांगेत?"

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "तिचा नवरा माझ्या हाताखाली होता," ते म्हणाले. "त्याला मी चारचौघांत झापलेलं आहे. त्याच्या बायकोला सांगू, की फुकटच्या गोळ्या बंद झाल्या तर माझी पंचाईत होईल?"

"अहो, पण त्या कामासाठी आल्या होत्या! सर्वेक्षणाची बाई म्हणून!"

"कशीही येवो. संध्याकाळी ती त्याच्याच घरी जाते ना?"

मी ते वर्तमानपत्र त्यांच्या हातातून ओढून घेतलं. बाबा म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची असते. तू कशाला एवढी तापतेस? माझ्या एकट्याने काय होणार आहे? बाकीचे सांगतील की खरं."

बाकीचे सांगतील! मी चपला पायात सारल्या नि तशीच काकूंकडे गेले. काकू भाजी निवडत होत्या. मी विचारलं, "काकू, तुमच्या घरी कोण आलं होतं प्रश्न विचारायला?" मागच्या गल्लीतल्या मामी, त्या म्हणाल्या. "मग तुम्ही काय सांगितलंत? खरं सांगा."

"मी काय सांगणार?" काकू हसल्या. "मामींच्या सुनेच्या माहेरी आमच्या मुलीचं स्थळ चाललंय. त्यांच्यापुढे रडगाणं गायचं का? म्हटलं, आम्हाला नको दवाखाना, आमचे हे बाहेरच्याच डॉक्टरांकडे जातात." आणि मग त्यांचं हसू तोंडावरच थिजलं. हातातली जुडी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "अगं बाई. म्हणजे तुझे बाबा..."

"हो. आणि सगळीच कॉलनी."

आख्ख्या जगाच्या चुली फुंकून आलेल्या आमच्या बायका, आणि आपल्याच गल्लीत येऊन फसल्या. गावातल्या वस्त्यांत ओळख निघाली तरी दूरची; तिथल्या बाईला काकू पुन्हा भेटणार नव्हत्या, म्हणून ती खरं बोलायची. इथे प्रत्येक दारामागे कुणाचा तरी साहेब होता, कुणाचा तरी हाताखालचा, कुणाचा व्याही. मोठ्या, टाइप तीनच्या क्वार्टरवाला लहान, टाइप दोनच्या बाईपुढे मान खाली घालेल? मरेल पण घालणार नाही.

सोमवारी सकाळी मी सरांपुढे उभी राहिले. खाली ग्राइंडर किंचाळत होता, त्यावरून ओरडून सांगावं लागत होतं. सर ऐकेचनात. त्यांचा चेहरा लाल झाला. "माझी पद्धत चुकीची? ही पद्धत घेऊन मी नोकरी सोडली!"

"पद्धत चुकीची नाही सर. जागा चुकली. तपासून तरी बघा."

मिसरोदला एका घरी खोली घेऊन राहणारी रीवा शहराकडची एक विद्यार्थिनी होती. मराठीचा म सुद्धा कळत नव्हता. कॉलनीत तिला काळं कुत्रंसुद्धा ओळखत नव्हतं. मी हट्टाने तिला काही गल्ल्यांतून पाठवली. बसायचं नाही, चहा घ्यायचा नाही, फाटकाशी उभं राहून विचारायचं. सरांच्या नियमाच्या बरोबर उलट. संध्याकाळी ती परत आली ती डोळे पुसतच. "दीदी, एक अंकल तो गेट पकड़ के रोने लगे. बोले, किसी को बताना मत, दवाई बंद हुई तो हम क्या करेंगे." बहुतेक घरांत हेच. आमच्या घरी बाबांनी तिला फाटकाशी यायच्या आधीच हात हलवला आणि "बता दिया है एक बार" म्हणून दार लावून घेतलं.

सरांनी तिचं सगळं ऐकलं. चष्मा काढून बराच वेळ हातात धरला. मग मला म्हणाले, "तुला कळतंय ना तू काय मागतेयस? मी हॉलमध्ये उभा राहून माझंच सर्वेक्षण खोटं म्हणालो, तर पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. या खोल्यांना कुलूप लागेल."

"कळतंय."

"काकू, मामी, तुझी नोकरी..."

"कळतंय म्हटलं ना!"

"तुझ्या बाबांच्या गोळ्या आहेत म्हणून म्हणतेस तू हे."

"हो, म्हणूनच म्हणतेय!" मी टेबलावर हात आपटला. "कुणाच्या ना कुणाच्या बाबांच्या गोळ्या असतातच, सर. त्याच तर मोजत होतो ना आपण?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. ठरल्या दिवशी रजा घेतली नाही, पळवाट काढली नाही, आजारी पडले नाहीत. मी आजही त्यांना त्यासाठी मानते.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. बाबांच्या मागे भुणभुण लावली. हॉलमध्ये चला, एक वाक्य बोला. तुमच्यासारखा जुना फोरमन उभा राहिला तर बाकीचे उभे राहतील. बाबा हो म्हणेनात, नाही म्हणेनात. सभेच्या दिवशी सकाळी मात्र उठून पाहते, तर त्यांनी स्वतः शर्टाला इस्त्री केलेली आणि बुटांना पॉलिश. मला इतका आनंद झाला की मी देवापुढे साखर ठेवली.

हॉल भरला होता. पुढे साहेब, त्यांच्या शेजारी सर. बाबा मागच्या रांगेत बसले, हात गुडघ्यावर. त्यांच्या आजूबाजूला सगळा जुना मशीन शॉप, काकूंचे यजमानसुद्धा. त्यांनी उठून बाबांना नमस्कार केला आणि खुर्ची सरकवून दिली. आता याच माणसासमोर बाबांना ते एक वाक्य बोलायचं होतं.

सर उभे राहिले. म्हणाले, की आम्ही दिलेले निष्कर्ष ग्राह्य धरू नका. लोकांनी फसवलं नाही. आम्ही विचारायला चुकीची माणसं पाठवली. शेजाऱ्याला कुणी आपली गरज सांगत नसतो. अनोळखी मुलीला पाठवलं तेव्हा लोकांनी वेगळं सांगितलं. आम्हाला थोडा अवधी द्या, आम्ही आमच्या खर्चाने पुन्हा विचारतो.

साहेब शांतपणे ऐकत होते. बोलणं संपल्यावर हसले. "इतनी मेहनत की क्या ज़रूरत है?" ते म्हणाले. "कॉलनी के लोग यहीं बैठे हैं. सीधे पूछ लेते हैं. दवाखाना बंद हुआ तो जिन-जिन को दिक्कत होगी, वो हाथ उठा दें."

मी वळून मागे पाहिलं. बाबा माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली, डोळ्यांनी विनवलं, बाबा, हात! त्यांचा हात गुडघ्यावरून हलला. मग शेजारी काकूंचे यजमान किंचित वळून त्यांच्याकडे बघायला लागले आणि बाबांनी तो हात शर्टाच्या खिशाशी नेला, पेन सारखं केलं, पुन्हा गुडघ्यावर ठेवला. आणि बुटांकडे बघत बसले.

एक हात वर झाला. काकूंचा. यजमान डोळे वटारत असतानाही त्यांनी तो खाली घेतला नाही. "हमको होगी दिक्कत!" त्या ठणकावून म्हणाल्या.

"आप तो इनके यहाँ काम करती हैं ना?" साहेब म्हणाले. लोक हसले. हसले हो! ज्यांच्यासाठी ती बाई उभी राहिली तेच हसले. साहेब सरांकडे वळून म्हणाले, "देखिए, आपका पहला सर्वे ही सही था."

दवाखाना उन्हाळ्याआधी बंद झाला. निवृत्तांच्या गोळ्याही. पाटीवर रंग फासून तिथे क्लबच्या खुर्च्या ठेवायला लागले. आणि आमची कथा अशी झाली, की ज्याचा पहिला सर्वे साहेबांनी बरोबर ठरवला, त्याच्याबद्दलच ते सगळीकडे सांगत सुटले, की या माणसाचा स्वतःच्या आकड्यांवर विश्वास नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बँकेचं बोलावणं येईनासं झालं. दिल्लीचं काम अर्ध्यावर थांबलं. मामी आधी गेल्या, मग एकेक करून सगळ्या. काकू शेवटपर्यंत येत राहिल्या, काम नसताना डबा घेऊन येऊन बसायच्या आणि आम्हाला जेवायला लावायच्या. कॉम्प्युटर नेताना खालचा वर्कशॉपवाला स्वतः हात द्यायला वर आला. "को खां, पापड़ बंद?" त्याने विचारलं, पण हसला नाही. सरांनी पाटी स्वतःच्या हाताने उतरवली, धुतली आणि काखेत मारून तुलसी नगरच्या मिनीबसमध्ये चढले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मी बाबांशी मात्र बोलत नव्हते. म्हणजे जेवायला वाढलंय, गिझर लावलाय, इतकंच. मिसरोदच्या एका खाजगी शाळेत शिकवायला लागले. पगार बेताचा. महिन्याच्या महिन्याला बाबांच्या हातात गोळ्यांचे पैसे ठेवायची. आणायला ते स्वतः जायचे. "तेवढंच फिरणं होतं," म्हणायचे. राग माझ्या आत आंबलेल्या पिठासारखा फसफसत होता. एक हात, नुसता एक हात वर करायचा होता या माणसाने. सरांची उभ्या आयुष्याची मेहनत, काकूंचा तो एकटा हात, माझी नोकरी, आणि हे पेन सारखं करत बसले!

एक दिवस शाळेतून आले तर बाबा फाटकाच्या दगडावर बसलेले. ओठ पांढरे, घामाने शर्ट चिकटलेला. "काही नाही, ऊन लागलं," म्हणाले. थंडीचे दिवस होते. मी काकूंच्या यजमानांना हाक मारली. त्यांनी बाबांना दंडाला धरून रिक्षात बसवलं, होशंगाबाद रोडवरच्या एका डॉक्टरकडे.

डॉक्टर तरुण होता, बाहेरगावचा. ईसीजीची पट्टी काढली, नाडी बघितली, भुवया वर गेल्या. "अंकल, दवाई टाइम पे लेते हैं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "एकदम टाइम पे," ते म्हणाले. "ठणठणीत आहे हो मी."

मी तोंड उघडलं होतं, एरवी फाडफाड बोललेही असते. पण त्यांची ती नजर मला दिसली. आधी माझ्याकडे आणि मग उत्तर. मला एकदम ती रीवाकडची विद्यार्थिनी आठवली, फाटकाशी उभी असलेली. मी उठले. "डॉक्टर साहब, मैं बाहर बैठती हूँ," मी म्हटलं. "अब पूछिए."

मध्ये नुसता पडदा होता. बाकावर बसले. आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग बाबांचा आवाज आला, हळू, त्यांच्या कारखान्यातल्या हिंदीत.

"आधी लेता हूँ बेटा. गोली तोड़ के. जब से दवाखाना बंद हुआ तब से."

"क्यों अंकल? बेटी पैसे नहीं देती?"

"देती है. पूरे देती है. वो पैसे मैं उसके लिए डाकखाने में डाल देता हूँ. क्या है, उसकी नौकरी मेरे सामने गई. मुझे बस हाथ उठाना था. मैंने नहीं उठाया. अब किस मुँह से पूरी गोली खाऊँ?" जरा थांबून म्हणाले, "उसको मत बताना."

मी ओठ दातांखाली दाबून बसले होते. शेजारच्या बाईने न विचारता तिचा रुमाल माझ्या मांडीवर ठेवला. एवढी वर्षं मी घराघरांत शिरून लोकांना विचारत होते, आणि माझ्याच घरात माझा बाप अर्ध्या गोळीवर दिवस काढत होता. राग कुठे गेला मला कळलं नाही. नुसती माया दाटून आली आणि वाटलं, आत जाऊन त्यांना कुशीत घ्यावं. पण गेले नाही. जाऊन पुन्हा मूठ मिटून घेतली असती त्यांनी.

थोड्या वेळाने ते पडदा सारून बाहेर आले. माझ्या डोळ्यांकडे बघितलं आणि त्यांना काय कळायचं ते कळलं. भिंतीला धरत माझ्या शेजारी बाकावर टेकले. मी काहीच विचारलं नाही. तेच म्हणाले, अगदी हळू, आणि मराठीत.

"भूक लागलीय गं."